संत तुकाराम नगर ते निघोजे: आपणच बांधलेलं बघायला निघाले तेव्हा

कॉलेजच्या ग्रुपवर स्पेनच्या सहलीचं ठरत होतं. आम्ही सगळेच आर्किटेक्ट, त्यामुळे सहल म्हणजे इमारती बघणं हे ओघानं आलंच. मला जमणार नाही, एवढंच मी लिहिलं. त्यावर एका मित्राचं उत्तर आलं, "राहा मग तिथेच पत्र्याच्या शेडांमध्ये. तुमच्या त्या पट्ट्यात बघायला आहे तरी काय?" त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी रागारागात लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. सांगणार तरी काय? सतीश आणि मी, दोघे वर्गमित्र, गेली जवळजवळ वीस वर्षं चिंचवडमध्ये ऑफिस चालवतो. अभ्यासिका, दवाखाने, पदपथ, कंपन्यांमधल्या कामगारांची घरं. गुळगुळीत कागदाच्या मासिकात त्यातल्या एकाचाही फोटो आलेला नाही. पण खरी गोम वेगळीच होती. त्या इमारती मी स्वतःही धड बघितलेल्या नव्हत्या. किल्ल्या देईपर्यंत रोजचं जाणं-येणं, आणि नंतर कुठे गळायला लागलं की फोन. नुसतं बघायला म्हणून मी कुठेच गेले नव्हते.

म्हटलं, ठीक आहे. यांचं स्पेन, माझं पिंपरी-चिंचवड. शुक्रवार ते रविवार, पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी, प्रवास बसनं आणि कुणालाही आधी न कळवता.

कुसुममावशी तेव्हा माझ्याकडे उतरली होती. उदगीरची निवृत्त शिक्षिका, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आलेली. डॉक्टरांनी तिला नुकतंच मोकळं केलं होतं. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "मी पण येते. दवाखान्याशिवाय तुझ्या गावात काय दाखवलंस मला?" नव्या डोळ्यांसाठी घेतलेला काळा चष्मा लावून ती दारात तयार.

शुक्रवार: संत तुकाराम नगर

निगडीहून पिंपरीपर्यंत बस आणि तिथून मेट्रो. संत तुकाराम नगर पुढचंच स्टेशन. मावशीला खिडकी मिळाली आणि डबा सुटला, तोवर उतरायची वेळ झाली.

"बसले न बसले तोच ऊठ म्हणलीस!" ती जागची हलेना. मग आम्ही नाशिक फाट्यापर्यंत गेलो आणि उलट्या गाडीनं परत आलो. तुमच्याबरोबर कुणी ज्येष्ठ असेल तर हे जरूर करा. वरून सगळा पट्टा दिसतो: कारखान्यांची छपरं, त्यांच्या मधली गर्द झाडी, रेल्वेचे रूळ आणि वाळत घातलेले कपडे. सकाळी दहाच्या आसपास गर्दी ओसरलेली असते.

अभ्यासिका स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. कोपऱ्यावरची दुमजली इमारत, पश्चिमेच्या उन्हाला अडवणारी विटांची जाळी, आणि पुढे पर्जन्यवृक्षाच्या सावलीत रुंद पायऱ्या. आत जागा नाही मिळाली तरी कुणी परत जाऊ नये म्हणून त्या मुद्दाम बसण्याजोग्या केल्या होत्या. त्या पायऱ्यांसाठी सतीश एका बैठकीत भांडला होता. "एवढी जागा फुकट घालवता," असं समोरचे म्हणत होते, आणि हा म्हणत होता, "फुकट आहे म्हणूनच हवी."

वळण घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. पायऱ्यांवर लोखंडी खिळे. बोटाएवढे, टोकदार, ओळीनं वेल्डिंग केलेले. पायऱ्यांवर बसलेली माणसं कुणाला तरी बरी दिसली नसावीत.

मावशीनं माझा दंड धरला. "अगं, थांब. नीट बघ तर."

खिळ्यांवर फळ्या होत्या. यंत्रांच्या खोक्यांना असतात तशा पाइनच्या जाड फळ्या, खालून भोकं पाडून खिळ्यांवर घट्ट बसवलेल्या. त्यांवर सात-आठ मुली पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. पोलीस भरती, तलाठी, बँक, जिची तिची परीक्षा. टोकाला बसलेल्या मुलीला मी विचारलं, "या फळ्या कुणी केल्या?"

"आम्हीच. हिचे पप्पा पॅकिंगमध्ये आहेत, त्यांनी लाकूड दिलं."

"कुणी ओरडत नाही?"

"ओरडतात की. दोनदा उचलून पण नेल्या. आम्ही परत केल्या." पुस्तकावरची नजर न उचलता ती म्हणाली, "अभ्यासिकेचे साहेब बोलले, फळ्या काढा. आम्ही म्हटलं, आधी खिळे काढा."

ही इमारत माझी आहे, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. गिळलं. ती माझी कुठे राहिली होती आता? मावशी मात्र थेट फळीवर जाऊन बसली, चष्मा काढला आणि त्या मुलीला म्हणाली, "गणित अडलं तर विचार. छत्तीस वर्षं शिकवलंय." पुढचा तासभर माझ्या सहलीचा मुक्काम त्या फळीवरच होता. मी आतून फिरून आले. विटांच्या जाळीतून येणारा उजेड टेबलांवर पडला होता आणि सगळे दिवे बंद होते. हे मी कागदावर काढलं होतं. घडताना आज पहिल्यांदा बघत होते.

दुपारी पिंपरी कॅम्पात सिंधी दाल-पकवान. मावशीच्या दातांना त्या कडक पुऱ्या झेपतील का, ही माझी काळजी व्यर्थ ठरली. तिनं दुसरी प्लेट मागवली. तिकडे जायचं तर दुपारपर्यंतच जा, नंतर संपतं.

शनिवार: चाकण

भोसरीहून राजगुरुनगरची पाटी असलेली बस घेतली. चाकण वाटेतच. मोशी गेलं, इंद्रायणी ओलांडली की रस्त्यावर कंटेनर जास्त आणि मोटारी कमी. बस चाकणच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत उभा राहिला. मावशीनं सॅकमधल्या शेंगदाण्याच्या पोळ्या काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या. या रस्त्यावर वेळ हाताशी ठेवूनच निघा. पाणी न्या, आणि जमलं तर शिफ्ट सुटायच्या आधी तासभर पोचा.

आम्हाला बघायचा होता तो रस्ता औद्योगिक वसाहतीच्या आतला. त्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा तिथे पदपथच नव्हता. बस थांब्यापासून कारखान्यांच्या फाटकांपर्यंत हजारो माणसं ट्रेलरच्या चाकांना खेटून चालायची. आम्ही एका बाजूला रुंद पदपथ केला, कडुनिंबांची रांग लावली आणि झाडांच्या मध्ये गाडीवाल्यांसाठी ओटे बांधले. नाश्त्याच्या गाड्या उठवायच्या नाहीत, त्यांना जागा द्यायची, हा आमचा हट्ट होता.

पहिला अर्धा भाग आधी लागला. कडेचे दगड फुटलेले, झाडांचे नुसते खुंट, आणि पदपथावर ओळीनं उभे ट्रक. चालणारी माणसं पुन्हा रस्त्यावर. मी फोटो काढायला फोन वर केला आणि तसाच खाली घेतला.

पण वळणापुढे अचानक सावली सुरू झाली. झाडं दुमजली उंच. ओट्यांवर पोहे, भुर्जी, ताक, मोबाइलची कव्हरं, चपला शिवणारा. त्याच वेळी एक ट्रेलर मागे येत येत पदपथावर चढायला लागला. पोह्यांच्या गाडीवरची बाई हातातला झारा घेऊन चाकासमोर जाऊन उभी राहिली. शेजारच्या भुर्जीवाल्यानं तव्यावर उलथनं आपटायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. कान बधिर झाले.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ताई, दो मिनिट लगाने दो ना!"

"दोन मिन्टं नाय आणि एक मिनिट पण नाय. तिकडं जा, तिकडं मोकळं हाय," बाईनं झाऱ्यानं दिशा दाखवली.

ट्रेलर गेला. बाईनं झारा धुतला आणि आम्हाला विचारलं, "शेव घालू का वरून?"

तिचं नाव रेश्माताई, माहेर धाराशिवकडचं. मी विचारलं, "पलीकडच्या अर्ध्या भागात का नाही असं कुणी उभं राहिलं?"

"तिकडच्या गाड्या हलवल्या होत्या पयल्यांदाच. माणूसच नाय राह्यलं तर राखायचं कुणी?"

तेवढ्यात भोंगा झाला. फाटकं उघडली आणि निळ्या-राखाडी गणवेशातली माणसं पाठीवर सॅक घेऊन त्या सावलीतून वाहायला लागली. कुणी उभ्यानं ताक प्यायलं, कुणी घरी फोन लावला, दोघी मैत्रिणी हातात हात घालून चालल्या होत्या. मी ओट्याला टेकून बघत राहिले. अर्धा रस्ता गेला होता याचा राग होता. पण उरलेला अर्धा कुणाच्या मेहरबानीवर उरला नव्हता, तो रोज लढून राखला जात होता. हे बघून ताठ व्हायला झालं.

शनिवार संध्याकाळ: निघोजे

चाकणहून शेअर रिक्षानं निघोजे. इथली कामगारांची सोसायटी म्हणजे आमच्या सगळ्या कामांमधलं माझं सगळ्यात लाडकं काम. तीन मजली चार इमारती, मध्ये मोठं अंगण. या पट्ट्यात घरातलं कुणी ना कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपलेलं असतं. म्हणून झोपायच्या खोल्या अंगणापासून लांब, बाहेरच्या बाजूला ठेवल्या. स्वयंपाकघरं मात्र सगळी अंगणाकडे, म्हणजे पोळ्या लाटताना मुलं दिसतात आणि त्यांच्या दंग्यानं कुणाची झोपमोड होत नाही. आखणी एवढीच. पण त्या एवढ्याशासाठी आम्ही किती कागद फाडले होते!

फाटकाशी पोचलो आणि मावशीनं मोठ्यानं वाचलं, "अंगण प्लाझा."

फाटकावर भलामोठा फ्लेक्स. चित्रात काचेच्या दुकानांची रांग, सरकता जिना आणि हातात पिशव्या घेतलेली गोरीपान कुटुंबं. ही दुकानं बरोबर अंगणाच्या जागी. खाली ठळक अक्षरांत: "मूळ आर्किटेक्टच्या संमतीने." त्याच्याखाली आमच्या ऑफिसचं नाव आणि रविवारी सकाळी सभा.

संमती? कुणाची?

सुरेखाताई आतून धावत आल्या. या सोसायटीच्या पहिल्या रहिवाशांपैकी, मूळच्या अंबाजोगाईच्या, सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर काम करतात. घरांचे नकाशे ठरत होते तेव्हा बायकांच्या बैठका त्यांनीच जमवल्या होत्या. पण आज त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मॅडम, तुम्हीच सही केलीय म्हणतात. तुमाला तरी आमचं काही वाटायला पाहिजे होतं."

"मी काहीही केलेलं नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता. "मला आत्ता कळतंय."

सतीशला फोन लावला. मी निघोज्यात आहे, एवढंच सांगितलं.

"वर्षा, मी सोमवारी सांगणारच होतो. सही अजून केलेली नाही. फक्त हो म्हटलंय. सोसायटीच्या चेअरमनच्या भाच्याचा चाकणला टॉवर येतोय, त्याचं काम तो आपल्याला देणार आहे. ऑफिसमध्ये सध्या काय काम आहे ते तुला माहीत आहे."

"आणि अंगण?"

"आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणी करून देईल. निदान आपण केलं तर चार झाडं तरी ठेवू."

"सतीश, त्या पायऱ्यांसाठी तू भांडला होतास ना रे?"

"तेव्हा पोरं लहान होती," तो म्हणाला. "फीचं वय यायचं होतं." आणि फोन ठेवला.

मुक्कामाचा बेत नव्हता, पण सुरेखाताईंनी सोडलं नाही. संध्याकाळी आम्ही अंगणातल्या कडुनिंबाखाली बसलो. एका गॅलरीत शिलाई मशीन चालू होतं, दुसरीत शेवया वाळत होत्या. मुलांची लगोरी रंगली होती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक बाई लाटणं हातात घेऊनच ओरडली, "ओम, गेटच्या भायेर जायचं न्हाई!" आणि ओम वळला. मी आमच्या कागदावरच्या त्या खिडकीकडे बघत राहिले.

मावशी माझ्या शेजारी पिठलं-भाकरीचं ताट घेऊन बसली होती. "सतीश काय वाईट माणूस नाही," ती म्हणाली. "पोरांच्या फिया भरायच्यात त्याला. तुला काय करायचंय ते ठरव. पण उद्या सभेत कोपऱ्यात उभी राहून येणार असशील तर आत्ताच बस धर."

मी म्हटलं, "कोपऱ्यात नाही उभी राहणार."

रविवार: सभा

सभा खालच्या छोट्या हॉलमध्ये ठरली होती. तिथे निम्मी माणसं मावली नसती, आणि बहुतेक तोच हेतू असावा. सुरेखाताई आणि त्यांच्या मजल्यावरच्या बायकांनी सकाळीच सतरंज्या अंगणात टाकल्या. चेअरमन दिगंबरराव आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहऱ्यावर आदबशीर हसू. "आत बसू या ना," म्हणाले.

"ज्याच्याबद्दल बोलायचं तिथंच बसू, भाऊ," सुरेखाताई म्हणाल्या, आणि बसल्याच.

दिगंबररावांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात टँकर लागतो, गच्ची गळते, वर्गणी वेळेवर येत नाही. दुकानांच्या भाड्यातून हे सगळं सुटेल, असं त्यांनी मुद्देसूद सांगितलं. माना डोलायला लागल्या. मग त्यांनी हात माझ्याकडे केला. "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे, ज्यांनी ही सोसायटी आखली त्या मॅडम स्वतः आज हजर आहेत. त्यांची संमती आहेच."

मी उभी राहिले.

"माझी संमती नाही. कधीच नव्हती. ऑफिसच्या नावानं जे फाटकावर लावलंय ते खोटं आहे, आणि ते आजच्या आज उतरवायचं."

दिगंबररावांचं हसू मावळलं. "मॅडम, सतीश सरांनी शब्द दिलाय."

"आमच्या ऑफिसचा नकाशा दोघांच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. माझी सही मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही, टॉवर दिला तरी नाही."

टॉवर म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. मी तिथेच खडूनं फरशीवर सोसायटी काढली. दुकानांचा माल उतरवायला टेम्पो कुठून येणार? मागच्या रस्त्यानं, म्हणजे थेट झोपायच्या खोल्यांखालून. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं झोपायचं कधी? आणि मुलं कुठे जाणार? फाटकाबाहेर, ट्रेलरच्या रस्त्यावर.

मागून एक तरुण ओरडला, "मग टँकरचं काय? ते सांगा. बोलायला सोपंय."

त्याचा राग खरा होता. मी म्हटलं, "गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी मूळ नकाशात आहे, ती पैसे संपले म्हणून राहिली. गच्चीची दुरुस्ती आणि ती टाकी एकत्र करता येईल. आणि दुकानंच हवी असतील तर पुढच्या कुंपणाला, रस्त्याकडे तोंड करून चार लहान गाळे बसू शकतात. परवानगी रीतसर काढावी लागेल. भाडं कमी येईल. मी खोटं सांगणार नाही, तुमचे सगळे प्रश्न त्यानं सुटणार नाहीत. पण अंगणाला हात लागणार नाही. हे नकाशे मी करून देते."

तेव्हा तात्या बोलले. निघोज्याचे जुने शेतकरी, याच जमिनीत त्यांचा वाटा होता, आता मुलासोबत तळमजल्यावर राहतात. काठी टेकत उठले. "एवढं सोपं हाय, मंग ह्ये चित्तर कुणाच्या पोटासाठी काढलं, दिगंबर? आमी जमीन दिली तवा तू म्हनला व्हता, पोरान्ला खेळायला जागा ऱ्हाईल. व्हय का न्हाई?"

"तात्या, काळ बदललाय."

"काळ बदलला. पोरं न्हाई बदलली."

त्याच वेळी फाटकातून सतीशची गाडी आत आली. तो उतरला, लाल झालेला, आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडे आला. "मला विचारायचं तरी होतंस, वर्षा."

"तू मला विचारलंस?"

तो वळला आणि सतरंजीच्या कडेला बसला. दिगंबरराव लगेच म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा आता." सगळी सभा सतीशकडे बघत होती. त्यानं वर, गॅलऱ्यांकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "तिनं सांगितलंय ते बरोबर आहे." पाठिंबा म्हणावा तर आवाजात जोर नव्हता, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. पण शब्द मागे घेतला.

हात वर झाले. ठराव पडला. एकमतानं नाही. बरेच हात दुकानांच्या बाजूनंही होते, आणि तो टँकरवाला तरुण त्यात होता. पण पडला. सुरेखाताईंनी खुर्चीवर चढून स्वतःच्या हातानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका सतरंज्या झटकायला लागल्या आणि मुलं पुन्हा लगोरी मांडून बसली, जणू सभा हा त्यांच्या खेळातला व्यत्यय होता.

दिगंबरराव जाताना माझ्यापाशी थांबले. "मॅडम, टॉवर विसरा."

"विसरले," मी म्हटलं.

परत घरी

सतीश आम्हाला न घेताच निघून गेला. आम्ही शेअर रिक्षानं कुरुळीपर्यंत आलो आणि पुढे बस पकडली. मावशी खिडकीशी बसून झोपली. घरी आल्यावर पाय दुखत होते, आणि मनात जिंकल्यासारखं काही नव्हतं. एका मित्राला दुखावलं होतं, ऑफिसच्या हातचं मोठं काम घालवलं होतं.

या सहलीचा खर्च विचाराल तर बस, मेट्रो, रिक्षा आणि खाणं मिळून स्पेनच्या विमानतळावरच्या जेवणाएवढाही आला नसेल. बघण्यासारखं काय आहे, विचाराल तर सांगते. सुंदर म्हणावं असं फार नाही. अर्धा पदपथ गेलाय, पायऱ्यांवर खिळे आहेत, गच्च्या गळतात. पण आपण दिलेली जागा माणसं सोडत नाहीत, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर या. कॅमेऱ्यापेक्षा वेळ जास्त आणा. निघोज्याला गेलात तर संध्याकाळी जा, पोळ्यांच्या वेळेला, आणि फाटकाशी विचारून आत जा. ती लोकांची घरं आहेत.

सोमवारी ऑफिसात सतीश आला आणि थेट आपल्या टेबलाशी बसला. दुपारी दिगंबररावांचा फोन त्याच्याच मोबाइलवर आला. आवाज मला समोरपर्यंत ऐकू येत होता. अजून वेळ गेलेली नाही, टॉवर अजूनही तुमचाच, मॅडमना बाजूला ठेवा, फक्त तुमची सही द्या, बाकी आम्ही बघून घेतो. नाहीतर चाकणला आर्किटेक्ट काय कमी आहेत?

सतीशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कमी नाहीत. पण जो कुणी येईल त्याला सांगा, मूळ नकाशे माझ्याकडे आहेत, आणि त्या अंगणावर एक वीट चढली तर पहिली तक्रार माझी असेल. माझ्या सहीनं." आणि त्यानं फोन ठेवला.

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावरचा राग तसाच होता.

"आता काम कुठून आणायचं ते तू बघ."

"बघते," मी म्हटलं, आणि निघोज्याच्या पाण्याच्या टाकीसाठी कोरा कागद दोघांच्या मध्ये पसरला.